तांब्याची कड

एक तांब्या समोर घ्या. पितळेचा असला तर उत्तम, स्टीलचाही चालेल. स्टुलावर ठेवा, ओट्यावर ठेवा. फक्त तुमचे डोळे त्याच्या काठापेक्षा थोडे वर राहतील असे बसा. संगणक सुरू करायची घाई नको. सुरू असलाच तर पडद्याकडे पाठ करा. आज हा तांब्या व्हेक्टरमध्ये काढायचा आहे, आणि त्याच्यामागून एक असं भांडं, जे कुणीच पाहिलेलं नाही. पण आधी नुसतं पाहायचं.

काठापासून सुरुवात करा. तो बाहेरच्या अंगाला वळलेला आहे. त्याखाली गळा आत जातो, मग पोट बाहेर येतं, मग सगळंच आत येत येत बुडाशी टेकतं. गळा कुठे संपला आणि पोट कुठे सुरू झालं? बोट फिरवून पाहा. बोट गळ्यावर होतं, आता पोटावर आहे, मधली सीमा लागलीच नाही. पुन्हा फिरवा, या वेळी अगदी सावकाश. एका ठिकाणी बोटाखालचा बाक उलटतो: आत्तापर्यंत आत दबलेला भाग फुगायला लागतो. ती जागा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पोटावर कुठे पोचा असेल. नळाखाली आपटल्याचा असेल, कुणाच्या हातून सुटल्याचा असेल. जुना तांब्या असेल तर त्यावर नाव घातलेलं असेल, कुणाकडून कुणाला भेट ते. जवळ जाऊन बघा. अक्षरं सलग रेघेची नाहीत, ओळीने ठोकलेल्या ठिपक्यांची आहेत. लांबून मात्र आपण त्यांना रेघच समजतो.

आता डावीकडची कड. जिथे पितळ संपतं आणि मागची भिंत सुरू होते, ती. घरात टिकली असेल तर एक आणा आणि तुम्हाला दिसते आहे त्या कडेवर बरोबर चिकटवा. जागेवर परत या. मान वीतभर डावीकडे न्या. टिकली आत सरकली. कड मात्र कडेलाच आहे, टिकलीला मागे टाकून. मान उजवीकडे न्या. टिकली दिसेनाशी झाली आणि कड पुन्हा आपल्या ठिकाणी हजर. एक डोळा मिटा, तो उघडून दुसरा मिटा. दोन्ही डोळ्यांच्या कडा वेगळ्या.

इथे थोडं थांबू. तांब्याला काठ आहे, गळा आहे, पोट आहे, बूड आहे. कड नाही. ती तुम्ही बसलात म्हणून तयार झाली, तुम्ही उठलात की जाईल. आणि चित्र काढायला घेतलं की आपण पहिल्यांदा काढतो ती हीच. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्राचा पेपर असतो. मधोमध बादली, तांब्या, एखादं फळ मांडलेलं आणि भोवताली मुलं. मांडणी एक, पण वर्गात जितकी मुलं तितक्या कडा. आणि त्या सगळ्या बरोबर असू शकतात, हे त्या वयात कुणी सांगत नाही.

आता पडद्याकडे वळा. वळलात त्या क्षणी वस्तुचित्र संपलं आणि स्मरणचित्र सुरू झालं, कारण डोळ्यांसमोर आता तांब्या नाही, पांढरं पान आहे.

सॉफ्टवेअर कोणतंही असू द्या. १९८७ सालचं इलस्ट्रेटर, १९८९ सालचं कोरलड्रॉ, २००३ पासून फुकट मिळणारं इंकस्केप. बाहेरचे बटणांचे कप्पे निराळे, आतली रेघ एकच. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत बहुतेक कोरल असतं, आणि तिथे बसणारी माणसं ज्या वेगाने नोड हलवतात तो पाहिला की मनन वगैरे शब्द काढायचा धीर होत नाही. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक उभं असतं. तुमच्यासमोर आज कुणी नाही.

पेन टूल घ्या. एकदा क्लिक करा. एक बारीक चौकोन उमटला: नोड. रेघ अजून नाही. एका बिंदूला दिशा नसते, लांबी नसते, तो फक्त कुठेतरी असतो. दुसरीकडे क्लिक करा, पण बटण सोडू नका. तसंच दाबून माउस ओढा. नोडमधून दोन्ही बाजूंना दोन दांड्या निघाल्या, टोकाशी बारीक गोळे असलेल्या. त्यांना हँडल म्हणतात. तुम्ही हँडल ओढता आहात आणि रेघ लांबूनच वाकते आहे. बोटं रेघेला लागलेली नाहीत.

पेन्सिलची गोष्ट निराळी. तिथे हात कापला तर रेघ कापते, राग असेल तर कागद फाटतो, दमलात तर रेघ फिकी होत जाते. इथे दोन नोडांच्या मधली रेघ तुम्ही काढतच नाही. तुम्ही ठरवता एवढंच: इथून निघायचं, या दिशेने, तिथे पोचायचं, त्या दिशेने. मधला प्रवास हिशेबाने होतो. आपण म्हणतो रेघ ओढली. ओढलं ते हँडल.

तो हिशेब एकदा स्वतः करून पाहण्यासारखा आहे. कागद-पेन्सिल घ्या किंवा मनात करा. चार बिंदू मांडा. पहिला म्हणजे निघायची जागा, चौथा म्हणजे पोचायची जागा, मधले दोन म्हणजे हँडलांची टोकं. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा सरळ रेघांनी जोडा. तीन रेघा झाल्या. प्रत्येकीचा मध्य शोधा. तीन बिंदू आले. ते ओळीने जोडा, दोन रेघा. त्यांचे मध्य शोधा, दोन बिंदू. ते जोडा, एक रेघ. तिचा मध्य. हा एकच बिंदू उरला, आणि तो तुमच्या वक्ररेषेवर आहे.

श्वास घ्या. आता मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक तृतीयांशावर खूण करा. तीन, दोन, एक. वक्रावरचा आणखी एक बिंदू मिळाला. मग एक चतुर्थांशावर. मग जरा पुढे. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत हे करत गेलात तर संपूर्ण वक्र हाती येतो, आणि सगळा वेळ तुम्ही फक्त सरळ रेघा काढलेल्या असता. हँडलांच्या टोकांकडे वक्र ओढला जातो, पण एरवी त्यांना शिवत नाही. चार बिंदूंभोवती ताणून दोरा बांधला तर त्या दोऱ्याच्या बाहेरही तो कधी जात नाही.

ही रीत पॉल द कास्तेल्जो या फ्रेंच गणितज्ञाची. १९५९ साली तो सित्रोएन या मोटार कंपनीत होता. गाडीच्या पत्र्याचे बाक लाकडी साच्यांतून आणि कारागिरांच्या हातांतून आकड्यांत कसे आणायचे, हा प्रश्न होता. कंपनीने त्याचं उत्तर गुपित म्हणून ठेवून घेतलं. पुढे काही वर्षांत रेनॉ कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच वक्रांपाशी पोचले. त्यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून जगभर हे बेझिए कर्व्ह झाले. कास्तेल्जोचं नाव त्या तीन-दोन-एकच्या रीतीला तेवढं उरलं. मोटारींच्या बॉनेटसाठी शोधलेला हा बाक पुढे छपाईच्या अक्षरांत आला, मग चित्रांत. तुमच्या तांब्याचं पोट पॅरिसच्या दोन कारखान्यांतून येणार आहे.

आता तांब्या. अर्धाच काढायचा, डावीकडचा. उरलेला आरशासारखा उलटवून जोडायचा. अर्ध्या तांब्याला किती नोड लागतील? मनात आकडा धरा. नवशिक्या माणूस दर बोटभर अंतरावर क्लिक करतो, कारण त्याला रेघ निसटेल अशी भीती असते. पण बोट कसं फिरलं होतं ते आठवा. काठाचं टोक, तिथे एक नोड. गळ्याची सगळ्यात आतली जागा, तिथे एक. पोटाची सगळ्यात बाहेरची जागा, एक. बूड जिथे टेकतं तो कोपरा, एक. चार झाले. गळ्याच्या नोडाचं हँडल सरळ खाली, पोटाच्या नोडाचं सरळ वर. बस. मघाशी बोटाने शोधून ठेवलेली ती जागा, जिथे बाक उलटतो, तिथे नोड द्यावा असं वाटत असेल. देऊ नका. दोन हँडलांच्या मधल्या वाटेत रेघ आपोआप तिथे उलटते. ती जागा माहीत असायला हवी, पण काढायला नको.

संगणकाला फोटो देऊन आपोआप कड काढून घेण्याची सोयही आहे. मला ती आवडत नाही. ट्रेस केलेला तांब्या शेकडो नोड घेऊन येतो. पोचा, ओरखडा, सावली, टिकली, सगळ्यांना सारखाच मान. काय महत्त्वाचं ते त्याला ठरवायचंच नसतं. असा तांब्या मिळाला तर एक एक नोड निवडून डिलीट करत बसा. हा चांगला सराव आहे. नोड गेला आणि रेघ हललीच नाही, तर तो फुकट होता. नोड गेला आणि पोट बसलं, तर Undo करा आणि त्या नोडाकडे जरा वेळ पाहा.

पोच्याचं काय करायचं? अर्धा काढून उलटवलेला तांब्या दोन्हीकडून तंतोतंत सारखा असतो; समोरचा तसा नाही. पोचा काढला तर तो तुमच्या घरातला तांब्या. न काढला तर कुणाचाच नाही किंवा सगळ्यांचा. दोन्ही ठीक आहे, पण ठरवून करा.

वरचं तोंड राहिलं. डोळे काठापेक्षा वर आहेत म्हणून ते लंबगोल दिसतं. इथे शाळेतली जुनी चूक होते: लंबगोलाची दोन्ही टोकं टोकदार येतात, माशाच्या आकाराची. चित्रकलेचे मास्तर त्यावर लाल पेन्सिल मारायचे. व्हेक्टरमध्ये चार नोडांचा लंबगोल तयार मिळतो, टोकं कधीच टोचत नाहीत. मात्र बुडाची कड काढताना सांभाळा. बूड डोळ्यांपासून जास्त खाली आहे, म्हणून त्याचा लंबगोल तोंडापेक्षा अधिक उघडा, अधिक गोल दिसायला हवा. बूड सरळ रेघेने कापलंत तर तांब्या टेकणार नाही, चिकटवलेला दिसेल.

जाता जाता एक गंमत. या बेझिए कर्व्हांनी अचूक वर्तुळ काढता येत नाही. अशक्य आहे, गणितानेच. चार तुकडे जोडून, प्रत्येक हँडल त्रिज्येच्या सुमारे ०.५५२३ पट ठेवलं की जे होतं त्याला आपण वर्तुळ म्हणतो. ते खऱ्या वर्तुळापेक्षा काही ठिकाणी किंचित बाहेर फुगतं. शंभर मीटर त्रिज्येचं मैदान आखलं तर फरक जास्तीत जास्त पावणेतीन सेंटिमीटर. डोळ्याला कधी कळणार नाही. तरी हे मनात असू द्या, की पडद्यावरच्या बहुतेक वर्तुळांनी वर्तुळ असल्याचं सोंग घेतलेलं आहे, आणि ते उत्तम वठलं आहे.

आता पुन्हा खऱ्या तांब्याकडे वळा. तो हातात घ्या.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या पाठबळावर पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी सर्वांत थोर ठरवला तो तांब्या. आणि त्याचं कौतुक करून थांबण्याऐवजी त्यांनी प्रश्नांची माळ लावली, जणू कुणाला आज तो नव्याने घडवायचा आहे. पाणी किती मावावं? उचलणारा हात कुणाचा, केवढा? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, ओतताना कलला की कुठे? आतून घासायला हात जाईल का? खाली ठेवताना आवाज कसा येतो, दुसऱ्या भांड्याला लागला तर कसा? मोडीत काढला तर काय येईल? त्यांचं म्हणणं असं, की हे सगळं एका माणसाने बसून सोडवलेलं नाही. पिढ्यांनी थोडं थोडं केलं.

हे प्रश्न एक एक करून हातातल्या तांब्याला विचारा. अंगठा गळ्याच्या खोबणीत कसा बसतो पाहा. थोडं पाणी घालून कलता करा. ओठापाशी काठाची जाडी जाणवते का बघा. मग तेच प्रश्न पडद्यावरच्या तांब्याला विचारा.

एकाचंही उत्तर मिळत नाही. सगळ्यात आधी अडतं ते मापाशी. पडद्यावरचा तांब्या केवढा आहे? झूम करा, तो खोलीएवढा होतो आणि कड तशीच धारदार राहते. कमी करा, तो मोहरीएवढा होतो. ठिपक्यांचं चित्र ताणलं की फुटतं. हे फुटत नाही, कारण आत ठिपके नाहीतच, फक्त कुठून कुठे आणि कोणत्या दिशेने एवढी नोंद आहे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातला तांब्या चौकातल्या फ्लेक्सवर दोन मजले उंच लावता येतो तो यामुळेच. पण ज्याला माप नाही त्याला हात कसा लावायचा? तो भरलेला आहे की रिकामा? खऱ्या तांब्याचे सगळे गुण त्याच्या मापातून आलेले, आणि मापच आपण काढून टाकलं. नेहमीच्या वापरातली, रोजची, साधी म्हणून घेतलेली ही वस्तू पडद्यावर येता येता मायावी झाली. आपण अजून कल्पनेतलं भांडं सुरूही केलेलं नाही.

रंग भरा. पितळ म्हणजे पिवळं, असं समजून पिवळा ओतलात तर प्लास्टिकचा मग होईल. पुन्हा समोर बघा. घासलेल्या पितळेवर पिवळा थोडाच आहे. काळपट तपकिरी पट्टा, त्याला अगदी खेटून जवळजवळ पांढरी तिरीप, मग गेरूसारखा लाल, मग हिरवट. पट्ट्यांच्या कडा धारदार आहेत. चकाकी म्हणजे काही धूसर, पसरलेला उजेड नाही. ती आकारांची बनलेली असते, आणि ते आकार म्हणजे तुमचीच खोली आहे. ती वाकडी पांढरी चौकट खिडकी आहे. मधला गडद उभा डाग तुम्ही आहात. प्रत्येक पट्टा वेगळा आकार म्हणून काढा, दोन-तीन नोडांचा. आणि विचार करा, या तांब्याच्या पोटात कोणती खिडकी दाखवायची? तुमच्या घरातली, की नसलेली एखादी?

तांब्या झाला. सेव्ह करा. त्याची एक प्रत काढा, कारण आता त्याच्यावरच पुढचं काम आहे.

प्रतीच्या काठावर पाच पानं ठेवा. आंब्याची हवीत तर लांबट, विड्याची हवीत तर हृदयाच्या आकाराची. एकच काढा, बाकीची तीच फिरवून घ्या. वर नारळ, शेंडी वर करून. पोटावर कुंकवाची पाच बोटं. झाला कलश. कोणत्याही डीटीपी ऑपरेटरच्या फोल्डरमध्ये असे कलश भरलेले असतात, लग्नाचे, वास्तुशांतीचे, मुंजीचे. पत्रिका बदलते, कलश तोच. आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि फक्त वायरफ्रेम दिसेल असं करा. रंग गेले, बारीक रेघा उरल्या. भांड्याची रेघ दोन्हीकडे एकच, नोडही तेच. एकाला आपण मोरीत उपडा घालतो, दुसऱ्याला हात जोडतो. रेघेला हे माहीत नाही. जे काही बदललं ते काठावर आणि भोवती बदललं. व्हेक्टर शिकवताना हेच आधी सांगायला हवं: पूज्य काढायला निराळं टूल नसतं.

आता मघाशी म्हटलेलं भांडं. पण त्याच्याआधी थोडा वळसा, कारण काल्पनिक वस्तू काढताना लोक सरळ धूर, चांदण्या आणि झगमगाट यांच्याकडे धावतात.

महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे. शिवनेरीला तो दिसतो. मुरुड-जंजिऱ्याच्या दारात तर असल्या श्वापदाने हत्तीच पंजांत धरले आहेत. सिंहासारखं अंग, काही ठिकाणी पंख. असा प्राणी कुणी पाहिलेला नाही, तरी पाथरवटाने तो खोटा दिसू दिला नाही. कसा? पंख काढणं सोपं, सिंह काढणं सोपं. कसोटी लागते ती पंख जिथे खांद्यातून निघतो त्या जागेला. आपल्या भाषेत बोलायचं तर तिथला नोड स्मूथ आहे की कस्प? स्मूथ नोडाची दोन्ही हँडलं एका रेघेत असतात, एक बाजू हलवली की दुसरी झुकते. खांद्याची रेघ न तुटता पंखाची होते. कस्प नोडाची हँडलं एकमेकांना विचारत नाहीत. तिथे मोड येते, डकवल्यासारखी. मनात एक शरभ उभा करा आणि फक्त ती एक जागा पाहा. पिसं मोजू नका, दात मोजू नका. खांद्याचा स्नायू पंख उचलू शकेल इतका जाड आहे का? कल्पनेतला प्राणी काढायला सिंह आणि गरुड दोघांचीही हाडं ठाऊक असावी लागतात, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त.

त्या भांड्याच्या आड आणखी एक भांडं येतं, ते टाळणं मला जमत नाही. १९७५ साली अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल संगणकावरच्या चित्रांसाठी नमुना शोधत होता. बायकोने सुचवलं, घरातली चहाची किटली घे. त्याने ती समोर ठेवून आधी कागदावर हाताने काढली, मग तिचे बेझिए बिंदू संगणकात घातले. ती किटली जगभरच्या संशोधकांनी वापरली, रंगवली, काचेची केली, लोकरीची केली. जिम ब्लिन या सहकाऱ्याने तिची उंची दाबून कमी केली आणि तीच बुटकी किटली रूढ झाली. मूळ किटली कॅलिफोर्नियात संगणक इतिहासाच्या संग्रहालयात आहे आणि तिला पाहणाऱ्यांना तीच उगाच उंच वाटू शकते. गमतीचा भाग असा, की सुरुवातीच्या आकड्यांत किटलीला बूडच नव्हतं. चित्रात ते दिसत नाही, म्हणून कुणाला गरज पडली नाही. तुमच्या तांब्याकडे बघा. त्याला पाठ आहे का?

तर ते भांडं. महाभारताच्या प्रचलित कथेत वनवासात निघालेल्या युधिष्ठिराला सूर्य एक तांब्याचं पात्र देतो. द्रौपदी जेवेपर्यंत त्यातलं अन्न सरत नाही. आपण त्याला द्रौपदीची थाळी म्हणत आलो, पण आज थाळी बाजूला ठेवा, तांब्याचं खोलगट पातेलं धरा. हे अक्षयपात्र काढायचं आहे. त्याचं अक्षय असणं रेघेत कसं आणाल?

सावकाश विचार करा. काठोकाठ भरलेलं काढलंत, तर ते नुसतं भरलेलं पातेलं. वाफा काढल्यात, तर गरम पातेलं. भोवती तेजाचं वलय काढलंत, तर कॅलेंडर. न सरणं ही वेळेतली गोष्ट आहे, आणि तुमच्यापुढे एक स्थिर पान आहे. या पात्राचा सगळा चमत्कार चित्राच्या बाहेर पडतो आहे.

आता कथेचा पुढचा भाग आठवा. दुर्वास शिष्यांसह येतात तेव्हा द्रौपदी जेवून झालेली आहे, पात्र घासून ठेवलेलं आहे. कृष्ण येतो, पात्र मागतो आणि त्याला आतल्या बाजूला चिकटलेलं भाजीचं एक पान सापडतं. तेवढं तो खातो. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यानेही पात्र भरलेलं दाखवून काम भागवलं नाही. निर्णायक क्षणी त्याने ते रिकामं केलं, घासलं आणि एक पान राहू दिलं. जी कुणी पाहिलेली नाही त्या वस्तूवर जी रोज पाहतो ती खूण ठेवली. घासताना काठाखाली राहून जाणारं पान कोणत्या घरात नसतं?

तेव्हा पातेलं काढा. डावी बाजू, चार नोड, उलटवा, जोडा. या वेळी मान आणखी वर घेतल्याची कल्पना करा, म्हणजे तोंडाचा लंबगोल रुंद उघडेल आणि आतली बाजू दिसेल. ती काळोखी भरू नका. घासलेल्या तांब्याचा लालसर पट्टा, एक तिरीप. जंगलातलं भांडं आहे, तेव्हा चकाकीत खिडकी नको. झाडांच्या फटीतून आलेल्या उजेडाचे तुकडे द्या, आकार तुम्हीच ठरवा. इथे ताडून पाहायला समोर काहीच नाही. कुणी येऊन मान हलवून म्हणणार नाही की कड चुकली.

आता पान. ते ताजं नाही, शिजलेलं आहे, म्हणून त्याची कड ताठ नसणार. एका बाजूला दुमडलेलं, भांड्याच्या बाकाबरोबर वाकलेलं. तीन नोड पुरतील, त्यातला एक कस्प. रंगाच्या पट्टीत हिरवा निवडाल तेव्हा पहिला येणारा टवटवीत हिरवा घेऊ नका. त्यात थोडा तपकिरी मिसळा, थोडा काळा. काठापासून किती खाली ठेवायचं, ते घासणाऱ्या हाताची बोटं कुठवर पोचली असतील त्यावरून ठरवा.